पंपवाल्याचा सिनेमा

थायलंडमधल्या थाम लुआंग गुहेची गोष्ट आता जवळजवळ सगळ्यांना माहीत आहे. २३ जून २०१८ ला फुटबॉलची प्रॅक्टिस संपवून ११ ते १६ वर्षांची बारा मुलं आणि त्यांचा २५ वर्षांचा असिस्टंट कोच गुहेत शिरले. सायकली बाहेर राहिल्या, पाऊस आला, पाणी चढलं आणि परतायची वाट बुडाली. २ जुलैला दोन ब्रिटिश डायव्हर त्यांच्यापर्यंत पोचले. ८ ते १० जुलै या तीन दिवसांत तेराही जण जिवंत बाहेर आले. तेव्हा आपण सगळे फोनवर तासातासाला अपडेट बघत होतो. त्याच दिवसांत फुटबॉलचा वर्ल्ड कपही चालू होता, आणि निदान माझ्या ग्रुपवर तरी सेमीफायनलपेक्षा गुहेचे मेसेज जास्त होते.

पुढच्या चार वर्षांत या घटनेवर बरंच काही आलं. मला त्यातल्या तीन सिनेमांबद्दल लिहायचं आहे. टॉम वॉलर या थाय-आयरिश दिग्दर्शकाचा 'द केव्ह' (२०१९), एलिझाबेथ चाय वासरहेली आणि जिमी चिन यांची डॉक्युमेंटरी 'द रेस्क्यू' (२०२१) आणि रॉन हॉवर्डचा 'थर्टीन लाइव्ज' (२०२२). तिन्हींत घटना तीच, तारखा त्याच, शेवटही तोच. त्यामुळे तुलना करायला सोपं जातं. जे वेगळं दिसतं, ते दिग्दर्शकाने कुठे बघायचं ठरवलं त्यामुळे दिसतं.

मी हे सिनेमे एका ठरावीक प्रश्नासाठी बघितले. मी सह्याद्रीत फिरणारा माणूस आहे. कोणी दरीत पडलं, धबधब्यात वाहून गेलं, कड्यावर अडकलं की आपल्याकडे पहिला फोन बहुतेक वेळा स्थानिक ट्रेकर मंडळींना जातो. लोणावळ्याची शिवदुर्ग मित्र, खोपोलीची यशवंती हायकर्स, महाबळेश्वर ट्रेकर्स, आणि अशा संस्थांमध्ये समन्वय ठेवणारं महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटर. यातली माणसं पगारी नाहीत. नोकरी-धंदा सांभाळून, फोन आला की दोर उचलून निघतात. थाम लुआंगमध्येही मुलांना पाण्याखालून बाहेर आणणारे मुख्य डायव्हर असेच हौशी होते. जॉन व्होलांथेन आयटी कन्सल्टंट, रिक स्टँटन निवृत्त अग्निशामक, रिचर्ड हॅरिस भूलतज्ज्ञ, क्रेग चॅलन निवृत्त पशुवैद्य. शनिवार-रविवारी गुहांत डुबक्या मारणारी माणसं. तर माझा प्रश्न असा: अशा स्वयंसेवी कामाची गोष्ट सांगताना सिनेमाला काय दिसतं आणि काय दिसत नाही?

'द रेस्क्यू'पासून सुरुवात करतो, कारण तिघांमध्ये तीच सगळ्यात जास्त पकडून ठेवते. वासरहेली आणि चिन ही 'फ्री सोलो' करणारी जोडी. जिवावर बेतणारं काम करणाऱ्या माणसाच्या डोक्यात काय चालतं, हा त्यांचा हातखंडा विषय. इथे त्यांना थाय नेव्ही सील्सनी गुहेत केलेलं चित्रण मिळालं, ८७ तासांचं, आणि तेही जवळपास दोन वर्षं पाठपुरावा केल्यावर. त्यामुळे आपण तेव्हा बातम्यांत जे बघितलं नव्हतं ते इथे दिसतं: चिखल, गोंधळ, एकमेकांची भाषा न कळणारी माणसं, गढूळ पाण्यात हातभर पुढचंही न दिसणं. जे चित्रित झालं नव्हतं ते त्याच डायव्हर्सना घेऊन टाकीत पुन्हा घडवलं आहे. बघताना मात्र खरं कुठलं आणि पुन्हा घडवलेलं कुठलं ते कळत नाही. डॉक्युमेंटरीबद्दल माझी ही एक तक्रार आहे. खरं फुटेज मिळवायला दोन वर्षं घालवल्यावर त्याची आणि नकलेची सरमिसळ कशाला करायची?

पण तिची खरी ताकद मुलाखतींत आहे. हे डायव्हर स्वतःबद्दल फारसं चांगलं बोलत नाहीत. शाळेत ज्यांना कोणी टीममध्ये घेत नसे अशी ही मुलं. मोठेपणी त्यांना एक असा छंद सापडला, ज्यात एकटं असणं, थंड डोक्याचं असणं, घरी बसून स्वतःची साधनं जुळवत राहणं हे सगळे गुणच ठरतात. जगभरातलं सैन्य बाहेर उभं आहे आणि आत जाऊ शकणारी माणसं म्हणजे हे पन्नाशीच्या आसपासचे, विचित्र दिसणाऱ्या जुगाडाचे काका. डॉक्युमेंटरी हा विरोधाभास मजेत आणि आदराने मांडते. रेस्क्यूचं कौशल्य संकटाच्या दिवशी तयार होत नाही, ते वर्षानुवर्षं कोणाच्याही उपयोगाचा न वाटणारा छंद केल्याने साठत जातं, हे मी इतक्या स्पष्टपणे दुसरीकडे पाहिलेलं नाही. सह्याद्रीतही कोणाला कोणत्या कड्याला अँकर कुठे मिळतो हे माहीत असतं, ते आधी वीस वेळा उगाचच तिथे गेल्यामुळे.

डॉक्युमेंटरीतला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटलेला भाग मात्र मुलं सापडण्याच्या आधीचा आहे. शोध चालू असताना स्टँटन आणि व्होलांथेन यांना आतल्या एका कप्प्यात चार माणसं भेटली. ही मुलं नव्हती. पाणी उपसायला आत गेलेले ते कामगार होते. पाणी चढल्यावर ते आतच राहिले आणि ते आत राहिले आहेत हे बाहेर कोणाला माहीतच नव्हतं. डायव्हर्सनी त्यांना थोडं अंतर पाण्याखालून बाहेर आणलं आणि त्या तेवढ्याशा अंतरात ही धडधाकट मोठी माणसं घाबरून झटापट करू लागली.

पुढचा सगळा निर्णय याच अनुभवावर उभा आहे. प्रौढ माणूस काही क्षणांत घाबरतो, तर पोहणंही धड न येणारं मूल कित्येक तास पाण्याखाली कसं शांत राहील? म्हणून हॅरिसला बोलावलं. म्हणून केटामाइन देऊन मुलांना बेशुद्ध केलं, हात मागे बांधले, पूर्ण चेहरा झाकणारे मास्क लावले आणि सामानासारखं वाहून आणलं. हॅरिसला हे जमेल असं वाटत नव्हतं. तरी त्याने ते केलं, कारण दुसरा रस्ता आणखी वाईट होता. आतल्या हवेतला ऑक्सिजन घसरत होता, मोठा पाऊस येणार होता, आणि ६ जुलैला समान कुनान हा माजी नेव्ही सील हवेच्या टाक्या ठेवून परतताना मरण पावला होता. तोही स्वयंसेवक म्हणूनच आला होता.

म्हणजे जगातल्या सगळ्यात गाजलेल्या सुटकेची गुरुकिल्ली चार पंप-कामगारांनी दिली, तीही न ठरवता. आणि ते आत अडकले, कारण किती माणसं आत गेली आणि किती बाहेर आली याचा ताळा कोणी ठेवलेला नव्हता. डॉक्युमेंटरी हा प्रसंग सांगते, त्याचा परिणाम समजावते आणि पुढे निघून जाते. मी मात्र तिथेच अडकलो.

माझ्या कामात, सॉफ्टवेअरमध्ये, एखादी सिस्टिम रात्री पडली की ती उभी केल्यावर एक अहवाल लिहावा लागतो. त्यात कोणा माणसावर खापर फोडायचं नाही, असा संकेत आहे. त्याचीच दुसरी बाजू अशी की कोणा माणसाचा पोवाडाही गायचा नाही. एकटा जागा राहिला म्हणून सगळं वाचलं असेल, तर त्याचे आभार मानायचे आणि अहवालात लिहायचं की आपली व्यवस्था एका माणसाच्या जागं राहण्यावर टांगलेली होती. हिरो लागला, म्हणजे त्याच्या आधी काहीतरी तुटलं होतं. 'द रेस्क्यू' हिरोवर इतकं मन लावून प्रेम करते की तुटलेल्या गोष्टीकडे वळून बघायला तिला वेळ होत नाही. मुलंही तिच्यात जवळजवळ नाहीत. त्यांच्या कथेचे हक्क आधीच नेटफ्लिक्सच्या मालिकेकडे गेले होते, त्यामुळे हा दोष सगळा दिग्दर्शकांचा नाही. पण परिणाम असा होतो की ज्यांना वाचवलं ते पार्सल होतात आणि ज्यांनी वाचवलं तेच काय ती माणसं.

'थर्टीन लाइव्ज' ही उणीव भरून काढायला बसलेला सिनेमा आहे. रॉन हॉवर्डकडे व्हिगो मॉर्टेन्सन आणि कॉलिन फॅरेल आहेत, पण तो त्यांना ताऱ्यांसारखं वापरत नाही. दोघंही वैतागलेले, कमी बोलणारे, थकलेले. गुहेचा सेट ऑस्ट्रेलियात बांधला होता, पण बघताना श्वास कोंडतो. पडद्यावर नकाशा येतो, आपण कितव्या कप्प्यात आहोत आणि दारापासून किती लांब, ते कळत राहतं. ही साधी गोष्ट मला फार आवडली. थरार वाढवायला बहुतेक दिग्दर्शक प्रेक्षकाला अंधारात ठेवतात. हॉवर्ड माहिती देतो आणि त्या माहितीनेच भीती वाढवतो. मुलांपर्यंतचं अंतर सुमारे चार किलोमीटर आहे हे कळल्यावर दर वळणाला पोटात गोळा येतो.

हॉवर्डने आणखी एक महत्त्वाचं केलं. तो डोंगरावर गेला. गुहेत पाणी वरून, डोंगरातल्या भेगांतून झिरपत होतं. ते अडवायला वरचे ओढे वळवायचे होते, आणि वळवलेलं आणि उपसलेलं पाणी कुठेतरी जाणार होतं. ते गेलं खालच्या भातशेतात. सिनेमात एक इंजिनिअर गावकऱ्यांपुढे उभा राहून सांगतो की तुमचं पीक जाईल. एक बाई विचारते की त्याने मुलं वाचतील का, आणि मग सगळे मान्य करतात. प्रसंग छोटा आहे, पार्श्वसंगीत जरा जास्त आहे, पण स्वयंसेवक या शब्दाचा अर्थ तिथे मोठा होतो. डायव्हरने जीव धोक्यात घातला, शेतकऱ्याने वर्षाचं भात. दोघांनाही कोणी सक्ती केली नव्हती.

तरी 'थर्टीन लाइव्ज'मध्ये एक अडचण राहते. त्यात सगळेच चांगले आहेत. गव्हर्नर चांगला, सैन्य चांगलं, मंत्री थोडा घाबरट पण चांगला. हजारो माणसं, शंभराहून जास्त डायव्हर, कितीतरी देशांची पथकं आणि थोडीफार कुरबूर सोडली तर सगळे एका दिलाने काम करतात. ज्याने कधी साधं गावजेवण जरी पार पाडलं असेल त्याला हे पटणार नाही. माणसं वाईट असतात म्हणून नाही, तर इतकी माणसं एका जागी आली की कोणाला आत सोडायचं आणि कोणाला नाही, हे ठरवणारं गेट लागतं, आणि गेटवर एक शिपाई असतो, आणि त्याच्याकडे एक यादी असते.

ते गेट फक्त 'द केव्ह'मध्ये आहे. हा तिघांतला सगळ्यात कमी बजेटचा, सगळ्यात आधी आलेला आणि समीक्षकांनी सगळ्यात कमी नावाजलेला सिनेमा. त्यात जिम वॉर्नी हा आयर्लंडमध्ये राहणारा बेल्जियन डायव्हर स्वतःचीच भूमिका करतो. इतरही काही खऱ्या बचावकर्त्यांनी स्वतःचंच काम केलं आहे. त्यांना अभिनय येत नाही आणि ते लपतही नाही. कथा एका माणसावर थांबत नाही. जरा कोणाची ओळख होते तोवर सिनेमा दुसऱ्याकडे जातो. नाट्य नाही, केंद्र नाही, सपाट आहे, असं याच्याबद्दल म्हटलं जातं. आणि हे खरं आहे.

पण यात एक पंपवाला आहे. नाखोन पाथोममधला, स्वतः पंप बनवणारा. टीव्हीवर बातमी बघतो, आपले जबरदस्त ताकदीचे पंप गाडीवर चढवतो आणि देशाच्या दुसऱ्या टोकाला, चियांग राईला येतो. आणि गेटवर अडकतो. त्याच्याकडे पास नाही. ज्याच्याकडे पास द्यायचा अधिकार आहे तो दुसरीकडे आहे. आत पाणी चढतं आहे, बाहेर पाणी उपसायचं यंत्र उभं आहे आणि मध्ये कागद आहे. मला तिन्ही सिनेमांतला सगळ्यात खरा प्रसंग हा वाटला. यात खलनायक नाही. गेटवरचा माणूसही आपलं काम करतो आहे. प्रत्येक हौशाला आत सोडलं तर आणखी चार माणसं आत विसरली जातील, हे आपण आधी पाहिलंच आहे. मदत करायची इच्छा आणि मदत घेण्याची व्यवस्था यांच्यात जी फट असते, ती या एकाच सिनेमाला दिसली. सपाट असल्यामुळेच दिसली, असं मला वाटतं. ज्या सिनेमाला कळस गाठायचा असतो त्याला गेटवर थांबायला वेळ नसतो.

या पंपांच्या गोष्टीत आपलाही एक धागा आहे. भारतीय दूतावासामार्फत किर्लोस्कर ब्रदर्सचे तज्ज्ञ ५ जुलैपासून तिथे होते, गुहेतलं पाणी कसं उपसावं याबद्दल सल्ला देत होते. चार पंप किर्लोस्करवाडीत विमानाने पाठवायला तयार ठेवले होते. तेव्हा आपल्या माध्यमांत सांगलीच्या इंजिनिअरचं कौतुक झालं आणि ते रास्तही होतं. पण आपण ती बातमी 'मराठी माणूस चमकला' म्हणून वाचली. पाणी उपसणं हे काम किती कंटाळवाणं, किती अखंड आणि किती निर्णायक असतं हे त्या निमित्ताने कळायला हवं होतं, ते राहून गेलं. आपणही हिरोच शोधत होतो, फक्त आपल्या जिल्ह्यातला.

थाम लुआंगची शेवटची मुलं १० जुलैला बाहेर आली. त्यानंतर अठराव्या दिवशी, २८ जुलै २०१८ ला, दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांची महाबळेश्वरला निघालेली बस पोलादपूरजवळ आंबेनळी घाटात कोसळली. एकच जण वाचला. तो दरीतून वर आला आणि त्याने खबर दिली. मग महाबळेश्वर, पोलादपूर आणि आसपासच्या ट्रेकर मंडळींनी पावसात, धुक्यात, निसरड्या उतारावर दोर बांधून एकेक मृतदेह वर आणला. या कामाला त्यांच्यात साधं नाव आहे, 'बॉडी काढणं'. सह्याद्रीतल्या स्वयंसेवकांच्या वाट्याला हे वारंवार येतं. वाचवायला कोणी उरलेलं नसतं. तरी खाली जायचं, कारण वर रस्त्यावर घरचे उभे असतात. हाती काही मिळाल्याशिवाय त्यांना घरी जाता येत नाही.

१९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड आली तेव्हाही हेच झालं. वाडीला रस्ता नव्हता, मशीन वर नेता येत नव्हती, सगळं काम कुदळ-फावड्याने. एनडीआरएफ होतीच, बरोबर खोपोली-कर्जत भागातले गिर्यारोहकही होते. २७ मृतदेह मिळाले. ५७ जण बेपत्ता राहिले आणि चौथ्या दिवशी शोध थांबवला गेला. या थांबण्यावर कोण सिनेमा करेल?

मी तीन सिनेमे ज्या प्रश्नासाठी बघितले त्याचं उत्तर मला इथे मिळतं. 'द रेस्क्यू'च्या पद्धतीने आंबेनळीची गोष्ट सांगता येणार नाही. तिला चमत्कार लागतो. 'थर्टीन लाइव्ज'च्या पद्धतीनेही नाही. तिला शेवटी आनंदाने रडणारे आईबाप लागतात. 'द केव्ह'च्या पद्धतीने येईल. दोर कोणी आणला, अँकर कुठे घेतला, वर ओढायला किती माणसं होती, स्ट्रेचर किती वेळाने खांदे बदलत होतं, पंचनाम्यासाठी पोलीस कधी आले, चहा कोणी पाठवला. कोणाच्याही चेहऱ्यावर फार वेळ न थांबता. तो सिनेमा बहुधा चालणार नाही. पण त्यात काम दिसेल.

आपल्या बातम्यांत आणि रील्समध्ये अशा वेळी एकच शब्द येतो, 'देवदूत'. 'देवदूत बनून धावले', 'मृत्यूच्या दाढेतून ओढून आणलं'. लिहिणाऱ्याचा हेतू चांगला असतो. पण देवदूताला दोर लागत नाही. त्याच्या हार्नेसची मुदत संपत नाही, त्याला विमा लागत नाही, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसात उशिरा का आलास हे त्याला कोणी विचारत नाही. माणसाला देवदूत म्हटलं की त्याच्या गरजांची जबाबदारी आपोआप आपल्यावरून उतरते. सिनेमा परवडला, तो निदान दोन तास त्यांच्याकडे बघतो. बातमी एका शब्दात सुटका करून घेते.

तुम्ही यातलं काही बघितलं नसेल तर 'द रेस्क्यू'नेच सुरुवात करा. ती उत्तम आहे आणि एकदा लावली की बंद करवत नाही. 'थर्टीन लाइव्ज' मोठ्या पडद्यावर किंवा निदान लॅपटॉपवर बघा, फोनवर त्यातला अंधार नुसता काळा दिसतो. आणि मग 'द केव्ह' शोधून बघा. पहिल्या अर्ध्या तासात कंटाळा येईल. पंपवाला येईपर्यंत थांबा.

शेवटची एक गोष्ट या घटनेच्या जवळजवळ प्रत्येक वर्णनात असते. १० जुलैच्या रात्री शेवटचा मुलगा, कोच आणि मुलांबरोबर आत राहिलेले थाय सील्स बाहेर आल्यावर मुख्य पंप बंद पडला. पाणी भराभर चढू लागलं आणि आत सामान आवरणारे शंभरेक कामगार अक्षरशः पळत सुटले. सगळे बाहेर आले. याकडे नशिबाचा शेवटचा झटका म्हणून बघितलं जातं आणि पडद्यावर ते शोभतंही. मला त्यातून एवढंच कळतं की त्या क्षणापर्यंत, इतके दिवस आणि रात्री, कोणीतरी तो पंप चालू ठेवला होता.